वाचक कोणाच्या बाजूचा?

ग्रंथाची परीक्षा वाचक करितो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु कांहीं ग्रंथ असे असतात कीं, ते उलट वाचकाचीच परीक्षा घेतात आणि घेत असल्याचा त्याला सुगावाहि लागूं देत नाहींत. अशा ग्रंथांविषयीं लोक काय बोलतात तें लक्ष देऊन ऐकलें, तर ग्रंथापेक्षां बोलणाऱ्यांचाच स्वभाव अधिक कळून येतो. एस्. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेची 'दि आउटसायडर्स' ही कादंबरी या कोटींतील आहे. १९६७ सालीं व्हायकिंग प्रेसनें ती प्रसिद्ध केली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी अमेरिकेंतील शाळांतून ती अजून वाचली जाते. १९८३ त तिच्यावर चित्रपट निघाला. २०२४ मध्यें न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर तिचें संगीत नाट्यरूप आलें व त्याच वर्षीं त्यास सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचें टोनी पारितोषिक मिळालें. इतक्या दीर्घ काळ, इतक्या नाना प्रकारच्या वाचकांनीं ज्या पुस्तकावर जीव लावला, त्याच्या निमित्तानें एका नैतिक प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे. तो प्रश्न असा: दुसऱ्याच्या दुःखानें आपले डोळे पाणावले, एवढ्यानें आपण त्याच्या बाजूचे झालों काय?

लेखिकेचें पूर्ण नांव सुसान एलॉइझ हिंटन. ओक्लाहोमा राज्यांतील टल्सा हें तिचें गांव. तेथील विल रॉजर्स हायस्कुलांत शिकत असतां पंधराव्या वर्षीं तिनें ही कथा लिहावयास घेतली, आणि पुस्तक छापून बाहेर पडलें तेव्हां ती अठरा वर्षांची होती. चित्रपट पाहून घरीं परतणाऱ्या तिच्या एका मित्रास, तो हलक्या वस्तींतला दिसतो एवढ्याच कारणावरून कांहीं मुलांनीं मारहाण केली. त्या संतापांतून लेखनास आरंभ झाला असें तिनें स्वतः सांगितलें आहे. बाईचें नांव वाचून पुरुष परीक्षक पुस्तक मनावरच घेणार नाहींत या धास्तीनें प्रकाशकांनीं नुसतीं आद्याक्षरें घालण्याचें सुचविलें. आणखी गंमत अशी कीं, ज्या वर्षीं ती हें पुस्तक लिहीत होती, त्याच वर्षीं शाळेंत लेखनकलेच्या विषयांत तिला 'डी' ही हलकी श्रेणी मिळाली. बाहेर राहिलेल्यांची कथा सांगणारीलाहि दारांतून आंत येतांना अंग चोरावेंच लागलें!

कथानक थोडक्यांत असें आहे. शहराच्या पूर्वेस गरीबांची वस्ती, पश्चिमेस श्रीमंतांची. पूर्वेकडील मुलें वाढविलेल्या केसांना तेल चोपडतात म्हणून त्यांस 'ग्रीझर' हें नांव पडलें आहे. पश्चिमेकडील मुलांना 'सोश' म्हणतात, आणि तें 'सोशल' या शब्दाचें तुटकें रूप आहे. कथा सांगणारा पोनीबॉय हा चौदा वर्षांचा ग्रीझर. आईबाप मोटारीच्या अपघातांत गेलेले. वीस वर्षांचा थोरला भाऊ डॅरी कॉलेजची आशा सोडून छपरें घालण्याच्या कामावर राबतो. मधला सोडापॉप शाळा सोडून पेट्रोलच्या पंपावर नोकरी करितो. एका रात्रीं सोश मुलें पोनीबॉयचें डोकें बागेंतील कारंज्याच्या पाण्यांत दाबून धरतात, तेव्हां त्याचा सोबती जॉनी चाकू काढतो व बॉब नांवाचा सोश मुलगा मरतो. दोघे पळून एका ओसाड चर्चमध्यें दडतात. पुढें त्या चर्चला आग लागते. आंत अडकलेल्या लहान मुलांना बाहेर काढतांना जॉनीची पाठ मोडते आणि कांहीं दिवसांनीं तो जातो. त्याच्या जाण्यानें वेडापिसा झालेला डॅली हा तिसरा मित्र एका दुकानावर दरोडा घालतो, रिकामें पिस्तूल पोलिसांवर रोखतो आणि त्यांच्या गोळ्यांना बळी पडतो. शेवटीं आपल्या हातीं तीन तरुणांचे मृत्यु उरतात व एक शाळकरी मुलगा हें सर्व वहींत उतरवूं लागतो.

या कथेचा पहिला व सर्वांत व्यापक परिणाम म्हणजे वाचकाचें पोनीबॉयशीं होणारें तादात्म्य. तें किती उत्कट असतें याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९८० सालीं कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो येथील एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनीं व तेथील मुलांनीं फ्रान्सिस फोर्ड कोपोला या दिग्दर्शकास पत्र धाडलें आणि मुलांच्या सह्यांनिशीं या पुस्तकावर चित्रपट काढण्याची विनंति केली. कोपोला यांनीं तें मानलें. १९८३ चा चित्रपट निघण्यास तें पत्र कारण झालें. मोठ्यांच्या वाङ्मयाचें भाग्य असें क्वचितच उघडतें. मुलांना हें पुस्तक आपलें वाटलें, कारण त्यांत त्यांना उपदेश करणारा कोणी नव्हता. त्यांच्याच वयाच्या एका मुलानें त्यांच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलण्यास आरंभ केला होता.

परंतु येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. शाळेच्या एकाच वर्गांत सुखवस्तु घरांतलीं व हालाखीच्या घरांतलीं, दोन्ही प्रकारचीं मुलें हें पुस्तक वाचतात. पण वाचून संपल्यावर त्या वर्गांत सोश कोणीच उरत नाहीं. ज्याच्या दाराशीं मोटार उभी असते तोहि स्वतःला ग्रीझरच समजूं लागतो. कथा प्रथमपुरुषी असल्यामुळें असें होणें स्वाभाविक आहे, आणि पौगंडावस्थेंतील प्रत्येक मुलाला आपण जगापासून तुटलेलों आहों असें वाटत असतें हेंहि खरें. तरीसुद्धां, ज्या भावनेनें सर्वच वाचक पीडितांच्या रांगेंत जाऊन बसतात, तिच्यांत कोठें तरी लबाडी लपलेली असली पाहिजे. सर्वच जर मार खाणारे, तर मारणारे होते तरी कोण? जगांत सोश नाहींत असें तर म्हणवत नाहीं. मग ते पुस्तक वाचीत नाहींत, कीं वाचतांना ते स्वतःला ओळखत नाहींत?

दुसरी प्रतिक्रिया अधिक विचारी वाचकांची आहे. ते म्हणतात कीं, या कादंबरीचें सार गरीब-श्रीमंत हा भेदच वरवरचा आहे असें सांगण्यांत आहे. त्यास आधारहि आहे. चेरी नांवाची एक सोश मुलगी पोनीबॉयला समजावते कीं, अडचणी सर्वांनाच आहेत, श्रीमंतांनाहि. आणि दोघांच्या बोलण्यांतून असें निघतें कीं, तिच्या अंगणांतून व याच्या मागच्या पायरीवरून दिसणारा सूर्यास्त शेवटीं एकच आहे. पुस्तकांतील हा भाग वाचकांच्या विशेष आवडीचा आहे. आणि तो सुंदर आहे यांत शंका नाहीं. द्वेषाच्या धुरांत वाढलेल्या दोन मुलांना परस्परांचें मनुष्यत्व प्रथमच दिसावें, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र तीच चेरी त्याच रात्रीं आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती आठवणारे वाचक थोडे असतात. उद्यां शाळेंत भेट झाली आणि मी ओळख दाखविली नाहीं, तर मनाला लावून घेऊं नकोस, असें ती पोनीबॉयला आधींच बजावून ठेवते. चेरी दुष्ट नाहीं. उलट पुढें ती आपल्या मंडळींचा रोष पत्करून ग्रीझरांना बातमी पुरविते. ती केवळ प्रामाणिक आहे. संध्याकाळीं सूर्यास्त एकच असतो. पण सकाळीं शाळेच्या ओसरींत माणसें दोन होतात, हें तिला पक्कें ठाऊक आहे. आमच्या मतें संबंध कादंबरींतील सर्वांत कठोर सत्य या गोड मुलीच्या तोंडीं घातलें आहे. सहानुभूतीला एकांत मानवतो; तिची कसोटी चारचौघांत लागते.

दुःखें सर्वांचीं सारखीं हें विधान म्हणूनच बारकाईनें तपासून घेतलें पाहिजे. तें खोटें नाहीं. बॉबच्या आईला पुत्रशोक होतो आणि तो कोणाहि गरीब आईच्या शोकाहून उणा नसतो. पण कादंबरींतील वाक्यें जें सांगतात त्याच्याहून अधिक तिच्यांतील घटना सांगतात. कथा सुरू होण्यापूर्वींच जॉनीला सोश मुलांनीं मरेपर्यंत झोडपलेलें आहे. त्या रात्रीच्या खुणा त्याच्या चेहऱ्यावर आहेत आणि तेव्हांपासूनच तो चाकू बाळगूं लागला आहे. त्या मारहाणीबद्दल कोणास जाब विचारला गेल्याचें कथेंत कोठें आढळत नाहीं. पुढें बॉब मरतो, तेव्हां जॉनी व पोनीबॉय पोलिसांकडे जाऊन झालें तें सांगत नाहींत, तडक पळून जातात. कारण आपलें म्हणणें कोणी ऐकून घेईल अशी कल्पनाच त्यांच्या मनाला शिवत नाहीं. अखेर न्यायाधीशासमोर पोनीबॉय निर्दोष ठरतो खरा; परंतु तोंवर या तीन अनाथ भावांना एकत्र राहूं द्यावें कीं धाकट्याला सरकारी निवासांत धाडावें, हा प्रश्न त्यांच्या डोक्यावर टांगलेला असतो.

आतां दुसऱ्या घराकडे पाहूं. बॉबचा मित्र रँडी पोनीबॉयला सांगतो कीं, बॉबच्या आईबापांनीं त्याला कधीं कशालाहि नाहीं म्हटलें नाहीं. कोणी तरी आपल्याला एकदां थांबवावें एवढेंच तो शोधीत होता आणि तेंच त्याला मिळालें नाहीं. म्हणजे मुलाला वळण लावण्यांत तें श्रीमंत घरहि पुरतेंच फसलें होतें. पण त्या घराची चौकशी कोणी करीत नाहीं. आपल्या उमेदीवर पाणी सोडून भावंडांना पोसणाऱ्या डॅरीची पात्रता तपासली जाते; बॉबच्या वडिलांची तपासली जात नाहीं. दोन घरें चुकलीं; जबाब एकाच घराला द्यावा लागला. बॉबला शेवटीं मृत्यु आला हें खरें आणि हळहळण्यासारखें आहे. तथापि त्या रात्रीपर्यंत त्याच्या प्रत्येक चुकीची किंमत दुसऱ्याच कोणीं तरी चुकविली होती. वर्गभेदाचें खरें स्वरूप येथें प्रकट होतें. दुःख करण्याचा अधिकार दोन्ही वर्गांना सारखा आहे. चुकण्याची मुभा सारखी नाहीं. श्रीमंताच्या मुलाची चूक हा वयाचा दोष ठरतो आणि गरीबाच्या मुलाची चूक हा त्याच्या घराण्याचा दाखला होतो.

हें किती खरें आहे याचें प्रत्यंतर पुस्तकाच्या विरोधकांनींच आणून दिलें. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनतर्फें तरुणांसाठीं लिहिणाऱ्या ग्रंथकारांस मिळणारें मार्गारेट एडवर्ड्स पारितोषिक १९८८ सालीं प्रथम दिलें गेलें, तें हिंटनबाईंनाच. पण त्याच संस्थेनें १९९० ते १९९९ या दशकांत ज्या पुस्तकांवर सर्वाधिक हरकती घेतल्या गेल्या अशा शंभर पुस्तकांची यादी केली, तिच्यांतहि ही कादंबरी आहे. हरकतींचें एक उदाहरण १९८६ सालचें, विस्कॉन्सिन राज्यांतील साउथ मिलवॉकी येथील आहे. मद्यपान व मादक पदार्थ हा आक्षेपाचा एक भाग होता. दुसरा असा कीं, पुस्तकांतील जवळजवळ सर्व पात्रें मोडलेल्या घरांतलीं आहेत! आपल्या मुलांनीं वाईट संगतींत पडूं नये ही आईबापांची काळजी हसण्यासारखी नाहीं. पण मोडलेलें घर म्हणजे काय, हें या मंडळींनीं बाहेरून पाहून ठरविलें. कर्टिस बंधूंच्या घरांत आईबाप नाहींत, तरी रात्रीं उशिरां येणाऱ्या धाकट्यासाठीं एक भाऊ जागत बसतो. बॉबच्या घरांत दोघेहि आहेत, आणि मुलगा दारू पिऊन हिंडतो. मुलांना पुस्तकांत जें दिसलें तें वडीलधाऱ्यांना दिसूं नये, ही या हरकतीची शोकांतिका आहे.

याच संदर्भांत आणखी एका उणिवेकडे अलीकडील वाचक बोट दाखवितात. कादंबरींतील दोन्ही टोळ्या गोऱ्यांच्या आहेत. ज्या टल्सा शहराच्या आठवणींतून ही कथा निघाली, त्याच शहरांत १९२१ च्या मे महिन्याची अखेर व जूनचा आरंभ या संधीला गोऱ्या जमावानें ग्रीनवुड हा कृष्णवर्णीयांचा भरभराटीचा भाग जाळून बेचिराख केला. एक हजाराहून अधिक घरें त्या आगींत गेलीं. शहराला पडलेली सर्वांत खोल भेग ती होती, आणि या पुस्तकांत ती नाहीं. सोळा वर्षांच्या मुलीनें डोळ्यांसमोर होतें तें लिहिलें. तिला दोष देण्याचें कारण नाहीं. पण प्रौढ वाचकानें एवढें जाणावें कीं, बाहेर टाकलेल्यांच्याहि बाहेर कोणी असतो, आणि स्वतःला बाहेरचा म्हणवून घेण्याच्या भरांत तोच नेमका आपल्या नजरेआड होतो.

मग वाचकाची खरी जागा कोठें? या प्रश्नाचें उत्तर कादंबरीच्या आरंभींच सांपडण्याजोगें आहे. आपली टोळी कोणती हें सांगतांना पोनीबॉय म्हणतो कीं, आम्ही सोशांहून आणि मध्यमवर्गाहूनहि गरीब आहों. मध्यमवर्गाचा असा ओझरता उल्लेख होतो आणि पुढें झुंज दोन टोकांचीच रंगते. मधला वर्ग टोळी बांधून रणांत उतरत नाहीं. पण म्हणून तो कथेंत नाहीं असें समजूं नये. न्यायाधीश, डॉक्टर, वर्तमानपत्रांचे बातमीदार, शाळामास्तर हे सारे त्याचेच प्रतिनिधि आहेत. कोणी चाकू उपसत नाहीं, कोणी मार खात नाहीं. पण कोणाचें ऐकून घ्यावयाचें, कोणाला गुंड म्हणावयाचें आणि आगींतून मुलें वांचविल्याबरोबर त्याच गुंडाला वीर केव्हां म्हणावयाचें, हें सर्व ठरवितात ते तेच. हें मासिक ज्यांच्या घरीं जातें त्यांतील बहुतेक कुटुंबें याच वर्गांत मोडतात. कादंबरी वाचतांना आपण पोनीबॉय होतों, आणि पुस्तक मिटल्यावर न्यायाधीशाच्या, मास्तराच्या किंवा शेजाऱ्याच्या जागेवर परत येतों. नैतिक प्रश्न सुरू होतो तो या परतल्यानंतर.

कोणी म्हणेल, मुलांच्या एका कादंबरीवर हा भार कशाला? कथा भडक आहे, योगायोग फार आहेत, टोळींतलीं मुलें वाजवीपेक्षां अधिक हळवीं आहेत. हे दोष आम्हांसहि मान्य आहेत. वाङ्मयाचें काम भावना शुद्ध करण्याचें आहे, कर्तव्यांची यादी देण्याचें नव्हे, असेंहि कोणी म्हणेल. आणि तें बऱ्याच अंशीं खरें आहे. पुस्तक वाचून कोणी आपलें घर वांटून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्यासाठीं आपण रडलों त्याच्याविषयीं आपला न्याय बदलला कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें आहे. शेजारच्या चाळींतला मुलगा आपल्या मुलासोबत दिसल्यावर आपण त्याच्याविषयीं प्रथम काय विचारतों? त्याला काय वाचावयास आवडतें हें, कीं त्याचे वडील काय करितात हें? दोघांनीं मिळून एखादी खोडी केली, तर कोणाला समजूत आणि कोणाला शिक्षा, हें आपण कशावरून ठरवितों? पोनीबॉयसाठीं गाळलेले अश्रु खरे होते कीं नुसते सुखकर होते, याचा निकाल अशा बारीकसारीक प्रसंगींच लागतो.

या कादंबरींत मधल्या वर्गाचा एक मनुष्य आपली जागा न सोडतां कर्तव्य करितो, आणि त्याचें नांवहि वाचकांच्या फारसें लक्षांत राहत नाहीं. तो इंग्रजीचा शिक्षक. जॉनी व डॅली यांच्या मरणानंतर पोनीबॉयचें अभ्यासांतून लक्ष उडालें आहे आणि तो नापास होण्याच्या बेतांत आहे. शिक्षक त्याच्यासाठीं अश्रु ढाळीत नाहीं, आपणहि ग्रीझर असल्याचा आव आणीत नाहीं, कीं फुकट गुणहि देत नाहीं. चांगला निबंध लिहून आण, म्हणजे तुला पास करितों, आणि विषय तुझ्या मनाचा, असें तो सांगतो. एक संधि व तिच्याबरोबर एक अपेक्षा, एवढेंच तो देतो. आणि बॉबला जें घरीं मिळालें नाहीं व जॉनीला जें कोठेंच मिळालें नाहीं, तें या साध्या वागण्यांत एकत्र आलें आहे. मुलगा लिहावयास बसतो, आणि आपण वाचीत होतों तें पुस्तक म्हणजे तोच निबंध होय असें शेवटच्या पानावर कळतें. शिक्षकानें त्या दिवशीं हजेरीपटावर नापासाची खूण करून पुढचें नांव पुकारलें असतें, तर त्याला कोणीहि दोष दिला नसता. फक्त ही हकीगत कोणाला कधीं कळली नसती. असे प्रसंग आपल्या हातीं रोज येतात, आणि ते पुस्तकांत नसल्यामुळें आपण ते ओळखत नाहीं.